गाड्यांचं दार, घराचा चेहरा

११२ चौरस फूट! दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच. त्याच्या शेजारचं आमचं मुख्य दार ३ फूट रुंद, ६ फूट ८ इंच उंच, म्हणजे जेमतेम २० चौरस फूट. गॅरेजचं जुनं, पोचे पडलेलं दार बदलायचं ठरलं, तेव्हा टेप लावून ही मापं काढली आणि मी ड्राइव्हवेवर उभी राहून घराकडे बघतच राहिले. भिंती खिडक्यांनी तुटतात, छप्पर मागे कलतं, पण हे दार मात्र रस्त्याकडे तोंड करून सरळ उभं! त्याचा रंग आणि त्याची नक्षी बदलली, की घराचा सगळा चेहरा बदलतो. आणि तो कसा बदलायचा, हे आपण ठरवायचं! मला तर त्या रात्री झोप येईना.

मग सुरू झालं दारं बघत हिंडणं. आम्ही न्यू जर्सीत राहतो, आणि इथल्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी चक्कर मारली की घरांच्या शैलींचं प्रदर्शनच भरलेलं असतं. बसकी, लांबलचक रँच पद्धतीची घरं. पुढे ओसरी आणि जाड खांब असलेली क्राफ्ट्समन घरं. उतरत्या छपराची, काळ्या लाकडी पट्ट्यांची ट्यूडर. आणि दोन्ही बाजूंना मापात बसवलेल्या खिडक्यांची, शिस्तशीर कलोनियल. जिथे दार घराला शोभत होतं तिथे मी थांबायचे, आणि का शोभतंय ते शोधायचे. उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघालं: घराच्या रेषा आणि दाराच्या रेषा एकाच दिशेने चालल्या होत्या!

रँचचं सगळं सौंदर्य आडवं, म्हणून त्याला आडव्या, लांब चौकटींचं दार खुलतं. क्राफ्ट्समन घराला लाकडाचा पोत, उभ्या फळ्या आणि वरच्या ओळीत लहान चौकोनी काचा. काच आणि सरळ भिंतींच्या आधुनिक घराला ॲल्युमिनियमच्या चौकटीतलं दुधी काचेचं दार, आणि रात्री आत दिवा लागला की अख्खं दार उजळतं! आणि ट्यूडरला, जुन्या वळणाच्या कलोनियलला साजतं ते कॅरेज हाउस पद्धतीचं दार.

या कॅरेज हाउसची गोष्ट तर मला फार आवडली. मोटारी आल्या तेव्हा त्या ठेवायला घोडागाड्यांच्याच पागा, म्हणजे कॅरेज हाउस, होत्या, आणि त्या पागांना बाहेर उघडणारी दोन जड लाकडी फाळकी. बर्फ साचलं की ती उघडायची म्हणजे आधी फावडं मारायचं. मग १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी आडव्या तुकड्यांचं, रुळांवरून वर सरकणारं दार बनवलं, आणि १९२६ मध्ये ते विजेवर उघडायची सोयही केली. आजचं कॅरेज हाउस पद्धतीचं दार याच युक्तीने वर जातं, पण बंद असताना दोन फाळक्यांचं दिसतं. त्यावरच्या काळ्या लोखंडी बिजागऱ्या आणि कड्या निव्वळ शोभेच्या, पण पागांचा तो काळ त्यांच्यामुळे दारावर राहतो!

आणि रंग! इथे तर खरा खजिना हाती लागला. आधी बघायचं ते न बदलणाऱ्या गोष्टींकडे: विटा, दगड, छपराची शिंगलं. त्यांच्या रंगात दडलेली झाक ओळखायची. आमच्या घराच्या खालच्या मजल्याला तांबूस विटा आहेत, आणि त्यांत चांगली नारिंगी झाक आहे. दुकानातला सुंदर करडा नमुना त्यांच्याशेजारी धरला, तर तो चक्क निळा दिसायला लागला! नमुना तोच, पण शेजार बदलला की रंग बदलतो. म्हणून नमुना दाराजवळच धरायचा, तोही सकाळच्या, भर दुपारच्या आणि कलत्या उन्हात, आणि तळहाताएवढा नाही, चांगला मोठा.

प्रत्येक रंगाला किती उजेड परत फेकतो याचा आकडा असतो, हे कळलं तेव्हा तर मी हरखून गेले. रंगाच्या नमुन्यामागे तो बहुधा एलआरव्ही म्हणून छापलेला असतो: शुद्ध काळ्याला ०, शुद्ध पांढऱ्याला १००. आकडा लहान, तर रंग ऊन जास्त पितो. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या, इन्सुलेशन भरलेल्या पोलादी दाराला गडद रंग दिला, तर बाहेरचा पत्रा तापून पसरतो, आतला थंड राहतो, आणि दार बाक घेऊ शकतं. एवढा साधा आकडा, पण सौंदर्य आणि शास्त्र दोन्ही त्यात!

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. एवढं मोठं दार भडक रंगवलं, तर नजर तिथेच अडकते आणि पाहुणा गॅरेजकडेच बघत राहतो. दार साइडिंगच्या, म्हणजे भिंतींच्या बाहेरच्या आवरणाच्या, रंगात मिसळलं, तर ते नम्रपणे मागे सरकतं. पांढऱ्या ट्रिमच्या, म्हणजे दारं-खिडक्यांभोवतीच्या पट्टीच्या, रंगाचं केलं, तर साडीच्या काठासारखं घराला बांधून घेतं. दोन्ही चांगलं. पण उठावाचा, हौसेचा रंग ठेवायचा तो मुख्य दारासाठी. आपल्या घराची तोरणं तिथे लागतात, पाडव्याची गुढी तिथे उभी राहते, दिवाळीची रांगोळी तिथे पडते! गॅरेजचं दार शांत ठेवायचं ते घराच्या उंबरठ्याला मान मिळावा म्हणून.

आम्ही निवडलं ते साइडिंगशी जुळणारं उबदार वाळूच्या रंगाचं पोलादी दार. वरच्या ओळीत काचा, आणि काचांना घराच्या खिडक्यांसारख्याच पट्ट्या. भोवतीची ट्रिम पांढरी. आमच्या वस्तीच्या होमओनर्स असोसिएशनकडून नमुन्याला मंजुरी घेतली आणि मगच ऑर्डर दिली, कारण अशा वस्त्यांमध्ये बहुधा परवानगीशिवाय रंग बदलता येत नाही. मुख्य दार आता गर्द हिरवं आहे, आणि त्यावर झेंडूचं तोरण काय खुलतं!

तुमचं घर इथल्या न्यू जर्सीतल्या एडिसनला असो नाहीतर नाशिकला, पुढे गॅरेज असो नाहीतर लोखंडी फाटक, कॅटलॉग उघडण्याआधी रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहा. घराच्या रेषा आडव्या की उभ्या ते बघा, विटांची झाक ओळखा, मोठा नमुना तीन वेळच्या उन्हात धरा. बाकीचं घरच सांगतं. आणि एकदा का ही नजर आली, की गावातलं प्रत्येक दार तुमच्याशी बोलायला लागेल. नक्की करून बघा!