दोन समोच्च रेषांमधलं पाणी

समोच्च रेषा शिकवायला मूठ पुरते. डाव्या हाताची मूठ आवळायची आणि वर आलेल्या उंचवट्यांभोवती बॉलपेननं रेघा ओढायच्या. पहिली अगदी माथ्याशी, दुसरी जराशी खाली, तिसरी आणखी खाली. दोन उंचवट्यांच्या मध्ये खिंड दिसू लागते. बोटांमधल्या खाचेत रेघ मनगटाच्या दिशेनं आत शिरते आणि पलीकडून परत येते. मग मूठ उघडून हात सपाट करायचा. डोंगर जातो, रेघा राहतात. वर्गात हे केलं की पोरं बराच वेळ मूठ मिटतात आणि उघडतात. त्या वेळी कोणी फळ्याकडे बघत नाही.

त्यानंतर मी एकच प्रश्न विचारतो. माथ्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो कुठल्या खाचेतून जाईल? जिथे रेघ चढाकडे टोक काढून आत वळते तिथे दरी, आणि पाणी त्या टोकाच्या उलट दिशेला वाहणार. जिथे टोक उताराकडे असतं तिथे डोंगराची सोंड. परीक्षेत यावर दोन गुण असतात आणि मुलं ते मिळवतातही. पण आपल्या घराच्या मागचा ओढा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्याच रेघांवरून सांगता येतं, इथवर बहुतेकांना कोणी आणून सोडत नाही. मला भूगोलाच्या सगळ्या अभ्यासक्रमात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्याला नकाशावरची नदी वाचता येते, त्याला पाणी कुठे येणार आहे हे आधी कळतं. कृष्णाकाठी हे कळणं फार गरजेचं आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचं टोपोशीट टेबलावर पसरलं की पहिल्यांदा रंग दिसतात. तपकिरी समोच्च रेषा, हिरवी जंगलं, पिवळी शेतं, तांबडे रस्ते आणि वस्त्या, निळं पाणी. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. दोन रेषांमध्ये उंचीचं अंतर २० मीटर. महाबळेश्वरचा भाग समोर घेतला तर पश्चिमेकडे या रेषा विंचरलेल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटून खाली कोकणात उतरतात. तिकडे सावित्री. ती बाणकोटच्या खाडीत जाऊन अरबी समुद्राला मिळते. पठाराच्या पूर्वेला कृष्णा निघते. उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटर, पण कृष्णा तिकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाची अशी वाटणी होते. ती पुस्तकातल्या ‘जलविभाजक’ या शब्दात सापडत नाही. बोट ठेवून माथ्याची रेघ शोधावी लागते.

कोयनेची वाट तर मला दर वेळी नव्यानं थक्क करते. तीही महाबळेश्वरातूनच निघते, पण सह्याद्रीच्या मुख्य कण्याला लागून सरळ दक्षिणेला जाते. उजवीकडे कणा, त्याच्या पलीकडे कोकणचा कडा, आणि समुद्र पन्नास-साठ किलोमीटरांवर. बोट तिच्यावरून नेताना वाटतं, आता ही पश्चिमेला खाली उडी घेणार. घेत नाही. हेळवाकपाशी ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेसमोर येऊन उभी राहते. दोघी समोरासमोर भिडतात आणि मिळून पूर्वेला निघतात. तो प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे, त्यामुळे सहलीत प्रत्येक शाळा तिथे थांबते. मुलं समाधीला नमस्कार करतात, फोटो काढतात आणि बसमध्ये बसतात. दोन नद्या एकमेकींच्या समोर कशा आल्या, हे तिथे उभं राहून नकाशा उलगडल्याशिवाय कळत नाही. नकाशाची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेला जुळवायची, कृष्णेच्या प्रवाहाकडे तोंड करायचं, मग कोयनेच्या. एवढ्यानं कागद जिवंत होतो. आणि ज्या कड्यानं कोयनेला पश्चिमेला जाऊ दिलं नाही, त्याच कड्याच्या पोटातून माणसानं बोगदे काढले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी पोफळीला खाली सोडून वीज केली आणि ते वाशिष्ठीत दिलं. म्हणून कोयनेच्या पाण्याचा एक वाटा आज चिपळूणवरून अरबी समुद्राकडे जातो. हे मुलांना सांगितलं की ती पुन्हा नकाशावर वाकतात.

महाबळेश्वर-कराडच्याच जिल्ह्याचं पूर्वेकडचं शीट उघडलं की निळा रंग आटतो. माण आणि खटावच्या माळावर ओहळ काळ्या रेघांनी काढलेले असतात, कारण टोपोशीटवर कोरड्या पात्राचा रंग काळा. पाऊस पडला तर वाहणार, नाही पडला तर वाळू. महाबळेश्वरच्या मुलाला आणि म्हसवडच्या मुलाला ‘नदी’ हा एकच धडा आपण शिकवतो, पण एकाची नदी निळी आणि दुसऱ्याची काळी. म्हसवडच्या मुलाला माणगंगा बहुतेक वर्ष कोरडी दिसते. तिचं पात्र किती रुंद आहे, ती शेवटी भीमेला कुठे मिळते, हे त्याला नकाशाच दाखवतो. कोरड्या नदीचंही खोरं असतं, हे त्यानं शिकायला हवं, कारण एका रात्रीच्या पावसात ती काळी रेघ निळी होते.

नदीची लांबी दोऱ्यानं मोजायची असते. दोरा ओला करून पात्राच्या वळणावळणावर बसवायचा, मग सरळ करून पट्टीवर धरायचा. मुलांना हे काम कंटाळवाणं वाटेल असं कोणालाही वाटेल, पण दोरा हातात आला की ती रमतात. वाईच्या वर दोरा भराभर संपतो. सांगलीकडे आलं की तो संपता संपत नाही. कृष्णा महाबळेश्वरापासून वाईपर्यंत सुमारे ६०० मीटर उतरते, आणि वाईपासून सांगलीपर्यंतच्या कितीतरी लांब वाटेवर २०० मीटरही उतरत नाही. उतार संपला की नदी आडवी होते, नागमोडी वळणं घेते, बाहेरच्या काठाला कातरते आणि आतल्या काठाला गाळ टाकते. त्या गाळाच्या मळीत कृष्णाकाठची वांगी होतात. ती चवीनं खाणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी वळणाची आतली बाजू नकाशावर शोधावी. पंढरपूरला भीमा अर्धचंद्रासारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वारीला जाणाऱ्या लाखो लोकांनी ते वळण पायांखाली घेतलेलं असतं. वरून पाहिलेलं फार थोड्यांनी.

सांगलीच्या शीटवर मात्र समोच्च रेषा जवळजवळ बोलायच्या थांबतात. जमीन इतकी सपाट की एक रेषा सापडली तर पुढची कुठे आहे हे हुडकावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. ५७ फूट म्हणजे साडेसतरा मीटरांच्या आसपास. दोन समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर. म्हणजे आमच्या पिढीनं पाहिलेला सर्वांत मोठा पूर, तळापासून माथ्यापर्यंत, टोपोशीटवरच्या दोन रेषांच्या मध्ये मावला, आणि नकाशाला त्याची एक रेघही काढावी लागली नाही. हे गणित फळ्यावर केलं तेव्हा वर्ग गप्प झाला. ज्यांच्या घरात छताला पाणी लागलं होतं अशी मुलं त्या वर्गात होती.

एक मुलगी म्हणाली, “सर, मग आपणच काढूया की मधली रेघ.”

पूर ओसरून शाळा पुन्हा भरली होती आणि भिंतींवर गाळाची ओल अजून होती. पाण्याची कड म्हणजे खुद्द नदीनं आखलेली समोच्च रेषा. एका मोहल्ल्यापुरती तरी ती अचूक असते. मुलांनी आपापल्या गल्लीत जाऊन जमिनीपासून डागापर्यंतची उंची मोजली. कुठे कमरेएवढी, कुठे पंख्याच्या पात्यांपर्यंत, कुठे उंबऱ्याशीच थांबलेली. ते आकडे गल्लीच्या नकाशावर मांडले आणि सारखे आकडे जोडले. त्या कागदावर गावाचे खरे सखल आणि खरे उंच भाग पहिल्यांदा दिसले. म्हाताऱ्या माणसांना ते आधीपासून माहीत होते. कुठल्या पायरीला पाणी लागलं की कुठली गल्ली रिकामी करायची, हे ज्ञान या काठावर नवीन नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडतं तेव्हा लोक स्नानाला जातात, आणि नदी किती चढली हेही त्यांना त्यातूनच कळतं. कोल्हापुरात पावसाळ्यात शाळकरी पोरांनाही राजाराम बंधाऱ्याचे आकडे पाठ असतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ही सगळी नकाशावाचनाचीच रूपं आहेत. शाळेनं फक्त त्यांना कागदावर आणायचं असतं.

आणखी एक नकाशा मी आता शिकवतो, पुस्तकात नसला तरी. जलसंपदा विभागाच्या पूररेषांचा. त्यावरची निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकलं की लोकांना वाटतं, येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी. तसं नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरातला एक, मागच्या वर्षी आलेला असो वा नसो. लाल रेषेवर घर बांधून तीस वर्षं राहायचं म्हटलं तर त्या काळात असा पूर बघायची शक्यता चारात एकाहून किंचित जास्त. निळ्या रेषेवरच्या घरासाठी तीच शक्यता दहात सात. हे मुलांनी स्वतः करून पाहिलेलं आठवीचं गणित आहे. घर घेणाऱ्या मोठ्यांपैकी किती जण ते करतात? २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन मोठ्या पुरांनंतर हा प्रश्न आम्हाला टाळता येणार नाही.

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिला पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे, आणि मग भारत-ब्राझील अशी तुलना सुरू होते. ती तुलना मला आवडते. ॲमेझॉनचं खोरं समजलं की गंगेचं खोरं आणखी नीट समजतं. पण पहिल्या पाठाला शाळांनी पहिल्या पाठाचा मान द्यावा. क्षेत्रभेटीला लांब जावं लागत नाही. पुण्यातल्या मुलांना आंबिल ओढ्यापर्यंत चालत जाता येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्यानं माणसं नेली, आणि पुष्कळांना त्या दिवसापर्यंत तो नाला वाटत होता. शीटच्या कडेला सर्वेक्षणाचं साल छापलेलं असतं. जुनं शीट आणि नवं शीट शेजारी ठेवून तोच ओढा दोन्हींवर शोधायला लावा. कुठे त्याची रेघ इमारतीखाली गेली, कुठे वळण सरळ केलं, कुठे रस्ता आडवा आला, हे मुलं दहा मिनिटांत सांगतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाची एकास पन्नास हजार प्रमाणाची खुली शीटं २०१७ पासून संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यामुळे शाळेत नकाशा नाही हे कारण आता उरलेलं नाही. भूगोलाच्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे: मे संपायच्या आत आपल्या गावाचं शीट छापून घ्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ते घेऊन मुलांसोबत जवळच्या ओढ्यावर जा. ओढ्याचं नाव बहुधा नकाशावर छापलेलं नसेल. काठावरच्या कोणा वडीलधाऱ्यांना ते विचारा, पूर्वी पाणी कुठवर आलं होतं तेही विचारा, आणि दोन्ही गोष्टी मुलांकडून पेन्सिलीनं त्या शीटवर लिहून घ्या.