बाणाचा रेनकोट

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात दोन पक्ष पडले. कारण राजकारण नव्हते, क्रिकेटही नव्हते. लाकडी बाणांना पावसाळ्यासाठी कोणते पॉलिश द्यावे, एवढाच प्रश्न होता. हसू नका! रत्नागिरीच्या माणसाला याचे हसू येणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो, तिथे जुलैत काड्यापेटी पेटत नाही, पापड चामड्यासारखे होतात आणि कपाटाचे दार एकदा उघडले की गणपतीपर्यंत लागत नाही.

आमची मीरा ‘इंडियन राउंड’ खेळते. बांबूचे धनुष्य, लाकडी बाण, पन्नास आणि तीस मीटरवर लक्ष्य. तिचे बारा बाण अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, केलेले. आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवलेल्या हातांचे ते काम. गेल्या थंडीपासून मात्र त्या हातांना कंप सुटला आहे. रंधा धरवत नाही. तेव्हा या बारांना तेरावा भाऊ होणार नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. आणि मीराची जिल्ह्याची निवड चाचणी होती ऐन ऑगस्टात.

लाकूड पाणी पिते ते केवळ पावसाचे नव्हे. हवेतले बाष्पही ते गुपचूप पीत असते. त्याने ते रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. एका अंगाने जास्त प्यायले की काडी वाकली. वजनही वाढते. बाराही बाण सारखेच जड झाले तर निभावून नेता येईल; पण प्रत्येकजण आपापल्या तहानेप्रमाणे जड होऊ लागला, तर बिचाऱ्या पोरीने नेम धरायचा कुणाच्या भरवशावर?

शेजाऱ्यांनी जवसाच्या तेलाची शिफारस केली. तेलाने लाकूड देखणे दिसते यात शंका नाही. पण अमेरिकेत मॅडिसन येथे लाकडाची एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तिच्या चाचण्यांत बाष्प अडवण्याच्या कामी जवसाचे तेल अगदी दुबळे ठरले. शिवाय तेल प्यायलेल्या लाकडावर पिसांचा डिंक नीट धरत नाही. शेजारी बाद झाले.

उरले दोन पक्ष. अप्पांचा पक्ष चपडा लाखेचा, मीराचा पॉलियुरेथेनचा.

“आजोबा, तुमच्या चौरंगावर तांब्याचा पांढरा गोल उठलाय, तो लाखेवरच ना?” मीराने पहिला बाण सोडला.

तो वर्मी लागला. लाखेवर पाणी साचून राहिले की ती दुधाळ होते. पण अप्पा मागे हटले नाहीत. “मीरे, लाख बिघडली तर स्पिरिटचा बोळा फिरव, जुना थर नव्यात विरघळतो. तुझे ते प्लास्टिक बिघडले तर काय करशील? सँडपेपरने घासशील. घासलेस की काडी बारीक झाली.”

त्या रात्री मीराने हिशेब केला. गोल काडीची जाडी शेकडा एकने कमी झाली, तर तिचा ताठपणा जवळजवळ शेकडा चारने उतरतो. सकाळी चहाच्या वेळी ती मुकाट्याने आजोबांच्या शेजारी जाऊन बसली.

मी मराठीचा प्राध्यापक. माझ्याकडून मदत ती काय व्हायची? ‘शर’ म्हणजे आधी बोरूसारखे एक गवत, मग त्याचा बाण. इंग्रजीतला ‘लॅकर’ हा आपल्याच लाखेचा परदेशात वाढलेला पुतण्या. पांडवांना जाळायला बांधलेले घर लाखेचेच होते, वगैरे मी सांगून पाहिले. “स्पिरिट आणलेत का?” एवढेच सौ.ने विचारले.

गंमत अशी की, त्याच मॅडिसनच्या चाचण्यांत साचलेल्या पाण्याला भिणारी ही लाख हवेतल्या बाष्पाला मात्र चांगली तोंड देते. मग तडजोड निघाली: आत लाख, वर पॉलियुरेथेन. अडचण एकच. लाखेत मुळातच थोडे मेण असते आणि मेणावर पॉलियुरेथेन टिकत नाही. अप्पांनी लाख स्पिरिटात विरघळवून बाटली आठवडाभर हलवू दिली नाही. मेण तळाशी बसले, आणि वरची निवळ तेवढी अलगद दुसऱ्या बाटलीत काढली. पाऊस यायच्या आत काम उरकायचे होते. कारण दमट हवेत स्पिरिट उडताना गारवा करते, हवेतले पाणी ओढते आणि लेप तिथेच पांढरा पडतो. चार पातळ हात दिले. टोकांना आणखी दोन, कारण आडव्या कापलेल्या तोंडाने लाकूड सर्वांत जास्त पिते. पिसांच्या जागी नुसती लाखच ठेवली.

बोळा मीराच्या हाती होता. अप्पा खुर्चीत बसून नजरेने घासत होते.

ऑगस्टात चाचणीच्या दिवशी झिमझिम लागलीच. मीरा प्रत्येक फेरीनंतर बाण पुसत होती. ती सहावी आली. निवड चौघींची होती. घरी आल्याबरोबर अप्पांनी निकालाच्या आधी बाण मागितले. एकेक बाण मेजावर ठेवून लोळवून पाहिला. अकरा सरळ धावले. बारावा किंचित उडत गेला. लक्ष्याच्या लाकडी चौकटीवर आदळून त्याचा टोकाजवळचा लेप उडाला होता आणि तिथले लाकूड काळसर झाले होते. मीरा लगेच बाटली आणायला उठली.

“थांब,” अप्पा म्हणाले. “आधी वाळू दे. ओल आत कोंडू नकोस.”

आठ दिवस तो बाण स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता. सौ.ने त्या दिवसांत त्याच्या खाली फोडणी म्हणून दिली नाही.