मापात माप

आग्या मोहोळाच्या अंगावर कधी कधी एक काळसर लाट धावते. शेकडो माश्या एकापाठोपाठ एक पोट उचलतात आणि निमिषात पुन्हा खाली घेतात. समोर घिरट्या घालणाऱ्या गांधीलमाशीला एवढं पुरतं. ती मागे सरकते. फुलोरी माशीचा वैरी याच्या उलट, म्हणजे अगदी बारीक. मुंगीला डंख मारायचा कुठे, आणि मारला तरी मागे रांग आहेच! म्हणून फुलोरी पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीला चिकट राळ फासून ठेवते. लढाईच नको.

खरी पंचाईत सातेरी मधमाशीची. तिच्या जपानी भावंडांची गाठ पडते राक्षसी गांधीलमाशीशी. मधमाशी सव्वा सेंटिमीटरची, गांधीलमाशी जवळजवळ चार. जबडा असा की माशीचे सरळ दोन तुकडे, आणि कवचात डंख सहसा शिरत नाही. मग करायचं काय? टेहळणीला आलेल्या गांधीलमाशीवर शेकडो माश्या एकदम तुटून पडतात, तिला गोळ्यात कोंडतात आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवत राहतात. आतलं तापमान ४७ अंशांच्या आसपास जातं. मासातो ओनो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'नेचर'मध्ये यातली मेख मांडली: ४४ ते ४६ अंशांत गांधीलमाशी दगावते, मधमाशी मात्र ४८ ते ५० पर्यंत तग धरते. सगळा खेळ या दोन-चार अंशांचा.

याला शौर्य म्हणायचा मोह होतो. मला त्यात हिशेब जास्त दिसतो, आणि तो फुकटचा नाही. गोळ्यात शिरलेल्या माश्यांचं उरलेलं आयुष्य घटतं. मध जास्त देते म्हणून जपानने बाहेरून आणलेल्या युरोपीय मधमाशीला, मेलिफेराला, हा हिशेब नीट जमत नाही. असला राक्षस तिच्या मूळ मुलखात नव्हताच. वीस-तीस गांधीलमाश्या तिची हजारोंची वसाहत काही तासांत संपवतात.

आपल्याकडे गडांवर, लेण्यांत आग्या मोहोळं लटकलेली असतात. आपल्यासाठी तिथे लाट वगैरे नाही. आपल्या आकाराच्या प्राण्याला ती माशी अस्वलाच्या रांगेत बसवते आणि थेट डंखावर येते. तेव्हा मोहोळ दिसलं की धूर, दगड, आरडाओरडा काही नको. मुकाट्याने लांबून जा.