शेवगावच्या उन्हात ईथर

डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. शेवगावात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. त्यात, ईथरमध्ये वापरायच्या लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडला पाण्याचा थेंब लागला तरी हायड्रोजन सुटून पेट घेण्याची भीती. त्यामुळे या हायड्राइडने होणारं एस्टरचं रिडक्शन टीवायच्या मुलांना वहीतच भेटतं. बाणावर नाव लिहायचं, पुढे दोन अल्कोहोल काढायची, मार्क पक्के!

होणारी रिॲक्शन दाखवता येत नसेल, तर न होणारी दाखवू, असं मी ठरवलं. एका फ्लास्कमध्ये बेंझोफेनोन, दुसऱ्यात एथिल बेंझोएट, दोन्हीत इथेनॉल आणि वर चिमूटभर सोडियम बोरोहायड्राइड. अर्ध्या तासाने टीएलसी प्लेट यूव्ही दिव्याखाली धरली. बेंझोफेनोनच्या खाली नवा ठिपका आला होता, बेंझहायड्रॉलचा. एस्टरचा ठिपका मात्र होता तिथेच, आणि फ्लास्कला तोच गोडसर फळासारखा वास.

"सर, पावडर जुनी असेल," मागून एक आवाज आला. मग शेजारच्या फ्लास्कमध्ये तीच पावडर कशी चालली? पोरगा गप्प.

कारण एस्टरच्या रचनेतच आहे. त्याचा दुसरा ऑक्सिजन कार्बोनिलकडे इलेक्ट्रॉन सरकवतो, त्यामुळे कार्बनची हायड्राइडची ओढ कमी होते. अमाइडमधला नायट्रोजन याबाबतीत आणखी सढळ. मवाळ बोरोहायड्राइड तिथे हात टेकतो. ॲसिड क्लोराइडची तऱ्हा उलटी: ते इतकं उतावीळ, की अल्डिहाइडवर थांबवणं हीच पंचाईत. रोझेनमुंडने १९१८ मध्ये बेरियम सल्फेटवरचं पॅलॅडियम वापरून ती सोडवली. एस्टरसाठी १९०३ पासून बुव्हो आणि ब्लाँ यांची सोडियम-अल्कोहोलची रीत होती. १९४७ मध्ये शिकागोच्या फिनहोल्ट, बाँड आणि श्लेझिंगर यांनी लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड जाहीर केलं आणि तिची गरज बरीच ओसरली.

गंमत अशी, की या दांडग्या हायड्राइडचा उरलेला भाग निकामी करायला प्रयोगशाळेत बऱ्याचदा एथिल ॲसिटेट घालतात. तोही एस्टरच; स्वतः रिड्यूस होऊन इथेनॉल होतो. आणि हे एथिल ॲसिटेट आपल्याच जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला, इथेनॉलपासूनच बनतं. मुलांना हे सांगितलं की बेंचवर हमखास खसखस पिकते.

परीक्षेला बसणाऱ्यांनी एवढं करावं: बाणावर आधी हायड्राइड, आणि पाणी दुसऱ्या पायरीत, वेगळा आकडा घालून. दोन्ही एकत्र लिहिलंत तर हायड्राइड पाण्यावरच खर्ची पडेल आणि तपासणारा मार्क कापेल.