छकुलीचे जलपर्यटन

नाशिकला आलेला पाहुणा रामकुंड, पंचवटी पाहून परततो. आम्ही मात्र गंगापूर धरणाची वाट धरली. 1965 साली पुऱ्या झालेल्या या मातीच्या धरणामागे गोदावरी ऐसपैस पसरली आहे. बोट क्लबची नाव दिसताच आमची चार वर्षांची छकुली हट्टाला पेटली.

"मी मांडीवर घट्ट धरीन की!" सौ. म्हणाली. पण आईची मिठी कितीही घट्ट असली, तरी ती पाण्यावर तरंगत नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेली लाँच मुंबईच्या समुद्रात बुडाली. त्यानंतर तेथे प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. पण सक्ती व्हायला माणसे जावी लागली!

मुलाचे जाकीट त्याच्या वजनाला बेतलेलेच हवे. मोठ्यांचे घातले तर पोर खालून निसटते. पट्टे आवळावेत आणि जाकिटाचे खांदे धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले, तर सरळ बदलून मागावे, संकोच करू नये.

"टोचतंय!" म्हणून छकुलीने भोकाड पसरले. मग तिच्या बाहुलीलाही रुमालाचे जाकीट बांधले. कप्तानीणबाई खूश! नावेच्या मधोमध बसून, चुरमुरे खात, तिने समोरच्या डोंगरांना हुकूम सोडले.

उतरल्यावर जाकीट काढायला मात्र ती मुळीच तयार होईना.