बावन्न म्हणजे किती?

आमच्या सौंसरला रॅकेटची 'गटिंग' करतात. 'स्ट्रिंगिंग' हा शब्द मी नोकरीसाठी पुण्याला आल्यावर ऐकला. पूर्वी या तारा जनावरांच्या आतड्यापासून बनत, म्हणून गट. फ्रान्समधल्या ल्यों शहरात पिएर बाबोला यांनी १८७५ मध्ये टेनिसच्या रॅकेटसाठी अशी तार बनवली. आमच्या कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही आतड्याचीच तात असायची. बाबूजी म्हणायचे, "फ्रान्सवाल्यानं नवीन काय केलं? आपल्या पिंजाऱ्याची तात उचलली अन् रॅकेटला लावली!" आता बहुतेक तारा नायलॉनच्या नाहीतर पॉलिएस्टरच्या असतात. नाव तेवढं जुनं राहिलं.

बाबूजींचं दुकान मुळात सायकलचं. गटिंग नंतर आली. चाकाची आऊट काढताना ते प्रत्येक तारेला बोटानं टिचकी मारत आणि कान देत. ढिली तार खालच्या सुरात बोलते, ताणलेली वरच्या सुरात. त्याच कानावर त्यांनी बॅडमिंटनच्या रॅकेटी आरीनं आणि हातानं विणायला सुरुवात केली. मग नव्वदच्या दशकात कधीतरी नागपूरहून एक जुनं मशीन मिळालं. ते छोट्या लाईनच्या गाडीतून, दोन सीटच्या मध्ये आडवं ठेवून सौंसरला आलं. आता तिथे मोठी लाईन झाली, पण आई अजून सांगते की त्या दिवशी बाबूजी स्टेशनवरून नवी नवरी आणल्यासारखे आले होते.

मशीन आलं तशा टेनिसच्या रॅकेटीही येऊ लागल्या. बोरगावच्या कारखान्यांत बदलून आलेले साहेब, परासियाकडच्या कोळसा खाणींच्या वसाहतींतले लोक, आणि पांढुर्ण्याचे दोन-चार हौशी.

हे मशीन हँडलचं. रॅकेट मधल्या गोल पाट्यावर घट्ट बसवायची, तार जबड्यात धरायची आणि हँडल फिरवायचं. आत एक स्प्रिंग असते. ठरवलेला ताण आला की 'खट्' आवाज होऊन हँडल जागीच अडकतं. मग तारेला क्लॅम्प लावायचा आणि पुढची तार घ्यायची. टेनिसच्या रॅकेटमध्ये साधारण १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा असतात, म्हणजे एका रॅकेटला जवळपास ३५ वेळा हँडल. बॅडमिंटनला ताण निम्म्याहून कमी, पण ओढण्या चाळिसावर. लहानपणी मी अभ्यास करताना 'खट्' मोजत बसायची. पस्तिसावं झालं की बाबूजी चहा मागणार हे ठरलेलं.

तीन वर्षांपूर्वी बाबूजी स्कूटरवरून पडले आणि उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. बोटं शाबूत, नजर शाबूत, पण हँडल फिरवायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. सायकलचं काम दुकानातला पोरगा बघू लागला. गटिंगच्या मशीनवर आईनं जुनी चादर टाकली.

त्या वर्षी पोळ्याला मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणून मामाकडे जाणं टाळलं आणि दिवसभर दुकानात बसले. बाबूजी रस्त्याकडे बघत बसले होते. एक मुलगा रॅकेट घेऊन आला, तर म्हणाले, "नागपूरला टाक बेटा, इथं होत नाही आता." तो गेल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुण्याला परतल्यावर मी शोधाशोध केली. जुन्या हँडलच्या मशीनवर बसवता येईल असं इलेक्ट्रॉनिक टेन्शनर मिळतं. बाकी मशीन तेच राहतं, फक्त हँडलचा भाग काढून त्या जागी मोटरचा डबा बसतो. पाउंड आकड्यात लावायचे, बटण दाबायचं, मोटर ओढते. खांद्याला काम नाही. परदेशातून मागवलं, शुल्क धरून माझ्या पगाराचा चांगलाच घास गेला. पण दिवाळीला मी ते बॅगेत घालून सौंसरला घेऊन गेले.

बसवायला अर्धा दिवस गेला. डब्याचा जबडा रॅकेटच्या तारांच्या पातळीतच यायला हवा, नाहीतर तार तिरपी ओढली जाते. आमच्याकडे तो बोटभर खाली येत होता. बाबूजींनी सायकलचे वॉशर शोधून काढले आणि पातळी जमवली. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरची वायर दुकानापर्यंत ओढली. काढलेलं हँडल त्यांनी तेल लावून, पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. "चार स्क्रूचं तर काम आहे, राहू दे," म्हणाले.

पहिली रॅकेट पांढुर्ण्याच्या एका मुलीची. ती सुट्टीच्या दिवशी रेल्वेनं नागपूरला टेनिस खेळायला जाते. तिच्या दोन सारख्या रॅकेटी आहेत. एकीची गटिंग अपघाताच्या थोडं आधी बाबूजींनीच केली होती, दुसरीची तुटली होती. वही उघडली: ५२ पाउंड. मी आकडा लावला, बाबूजींनी बटण दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू बघून आई आत जाऊन डोळे पुसून आली.

रॅकेट झाली तशी त्यांनी तळव्यानं तारांवर थाप मारली. कान दिला. पुन्हा मारली.

"कडक झाली बाई."

"बाबूजी, ५२च आहे. आकडा बघा ना."

"आकडा तू पाहून राहिली. मी तार ऐकून राहिलो."

मी इंजिनियर. मला वाटलं, वय झालं, मशीन नवीन, मन मानत नाही. रॅकेट दिली. त्या दोन दिवसांत आणखी पाच रॅकेटी झाल्या आणि गेल्या.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांचा फोन. "भाऊ, पोरगी म्हणते पाटीनं खेळल्यासारखं वाटते. कोपर दुखून राहिलं तिचं. पुढच्या आठवड्यात मॅच आहे."

बाबूजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मामा पांढुर्ण्याहून आले, आंबिया बहाराची संत्री घेऊन. सोबत संत्री तोलायचा हुकाचा डिजिटल काटा आणायला मी फोनवरच सांगितलं होतं. ५२ पाउंड म्हणजे २३.६ किलो. काटा मशीनला बांधला, त्याच्या हुकाला तार आणि तारेचं दुसरं टोक टेन्शनरच्या जबड्यात. बटण दाबलं. काट्यानं २३.६ दाखवलं आणि तिथेच थांबला. मधूनच मोटर 'कुर्र' करायची आणि आकडा हलायचा नाही. मी म्हटलं, "बघा! बरोबर आहे."

"आता जुनं लाव," बाबूजी म्हणाले.

पोत्यातून हँडल निघालं. चार स्क्रू. मी फिरवलं, 'खट्' झालं. काटा २३.६. आणि मग आमच्या डोळ्यांसमोर तो खाली सरकायला लागला. मामांचा चहा संपेपर्यंत २२च्या खाली आला होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नायलॉनची तार ओढली की लगेच थांबत नाही, ती हळूहळू सैल पडत जाते. हँडल एकदा अडकलं की पुढे ओढत नाही, त्यामुळे क्लॅम्प लागेपर्यंत ताण उतरतो. मोटर मात्र सैल पडेल तितकं पुन्हा ओढते आणि ताण धरून ठेवते. दोन्ही मशीनं खरं बोलत होती. पण हँडलचं ५२ आणि मोटरचं ५२ एक नव्हतं. हँडलवरून मोटरवर येताना ताण पाच ते दहा टक्के कमी लावावा, हा या कामातला सर्वांना माहीत असलेला नियम आहे. माहितीपत्रकं मी सगळी वाचली होती, पण वेग आणि अचूकपणा एवढंच बघितलं होतं.

तरी मी वाद घातलाच. "पण बाबूजी, तांत्रिकदृष्ट्या आपण चुकलो नाही. तिनं ५२ मागितले, आपण खरे ५२ दिले."

"गिऱ्हाईक ५२ नाही मागत," ते म्हणाले. "मागच्यासारखं मागते."

यावर मला काही बोलता आलं नाही.

संध्याकाळी मामांच्या गाडीतून आम्ही पांढुर्ण्याला गेलो. बाबूजी स्वतः आले. मुलीच्या वडिलांना म्हणाले, "चूक आमची आहे, पोरीला खेळू नका देऊ यानं." दोन्ही रॅकेटी घेऊन रात्रीच परतलो. त्यांनी कडक झालेली तार कापली आणि नवीन घातली. या वेळी ४९ लावले. झाल्यावर जुनी रॅकेट डाव्या हातात, नवी मांडीवर, आलटून पालटून थाप. मी मोबाइलवर सूर मोजणारं ॲप लावलं होतं, पण ते उघडायच्या आत बाबूजी म्हणाले, "जमलं." नंतर ॲपनंही तेच सांगितलं. पैसे घेतले नाहीत. बाकीच्या पाच जणांनाही त्यांनी एकेक फोन केला. दोघं परत आले, तिघांना कडकच आवडली होती.

आता वहीत पाउंडाच्या पुढे एक अक्षर असतं: 'ह' म्हणजे हँडल, 'मो' म्हणजे मोटर. जुन्या गिऱ्हाइकाची रॅकेट आली की बाबूजी कापण्याआधी जुन्या तारेवर थाप मारतात, मग आकडा ठरवतात. मी पुण्याहून फोन केला की मागे 'कुर्र' ऐकू येतं. 'खट्' नाही, पण चहा अजून पस्तिसाव्या तारेनंतरच लागतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण घरी जाताना आईवडिलांसाठी काहीतरी नवीन यंत्र नेतात. जरूर न्या. फक्त ते लावल्यावर पहिले चार दिवस आकड्याकडे कमी बघा, आणि ज्यांनी जुनं वापरलं ते काय म्हणतात ते ऐका. आणि काढलेलं हँडल फेकू नका.