परभाषेचे भय

१९४८ पर्यंत निजामी अमलात आमच्या धाराशिव जिल्ह्यात माध्यमिक शिक्षण प्रायः उर्दूतून होई. तेव्हा परभाषेचे भय आम्हांस वडिलोपार्जितच! इंग्रजीच्या तासास आमचा एक नळदुर्गचा सोबती चुकला व आम्ही हसलो. पुढे कित्येक दिवस त्याने वर्गात तोंड उघडले नाही. शिक्षकांनी आम्हांस रागे न भरता एवढेच सांगितले, "बोरी नदीच्या बंधाऱ्यातील पाणीमहालात, वरून पाणी कोसळत असता, आत मनुष्य कोरडा कसा राहतो, हे मराठी न जाणणाऱ्या पाहुण्यास इंग्रजीत सांगा." तो महाल त्याच्याइतका कोणी पाहिला होता? तो अडखळत बोलू लागला. अडलेले शब्द आम्ही पुरविले. सांगण्याजोगे काही असले म्हणजे जीभ आपोआप सुटते, हे आम्हांस उमगले. आणि आपल्या हसण्याची लाजही वाटली.